शेपटीच्या कापडाला गोंद पुरेसा की टाका हवाच?

अजनीकर: आमच्या जुन्या दोन आसनी विमानाचं एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचा वर-खाली हलणारा आडवा भाग, परवा मढवून झालं. पॉलिस्टर कापड, चौकटीच्या कडेने गोंद, मग इस्त्री: आधी १२१ अंश सेल्सिअस, शेवटी १७७. टिचकी मारली की डफडं वाजल्यासारखं वाजते. आता कापड रिबना, म्हणजे चौकटीच्या आतल्या फासळ्यांना, शिवायचं की नाही यावर शेडमध्ये वाद सुरू आहे. माझं मत, शेपटीला गरज नाही. पंखाची रिब खालून आत वळलेली असेल तर कापड तिथून सुटून सरळ ताणलं जाईल, म्हणून टाका. शेपटीची चौकट सपाट. कापड सुटून जाणार कुठे? शिवाय बिजागरीच्या मागे वजन चढलं की फ्लटरची, म्हणजे उडताना तो भाग जोरात फडफडण्याची, भीती.

मेणदोरा: भाऊ, वजनाची काळजी बरोबर आहे. पण दोऱ्याचं वजन किती न् रंगाच्या एका जाड थराचं किती, ते तोलून पाहा. रंग झाल्यावर बॅलन्स तसाही तपासावाच लागते.

मुख्य गोष्ट वेगळी आहे. गोंद सरकवणाऱ्या ताणाला पक्का, सोलणाऱ्या ताणाला कच्चा. भिंतीवरचं पोस्टर खाली ओढून निघत नाही, कोपरा उचलला की सरसर येते. हवा शेपटीचं कापड बाहेर ओढते, म्हणजे सोलतेच. त्यात विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा झोत थेट तिथे. रिबवर गोंदाला जागा बोटभरही नसते.

एका क्लबच्या विमानाच्या रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या भागावर, हात फिरवत होतो. मधल्या रिबपाशी कापड पापडासारखं फुगलेलं लागलं. रंग चकचकीत, भेग कुठेच नाही. उघडलं तर वीतभर सुटलेलं, आणि आत टाका एकही नाही. तो दिवस मी विसरलो नाही.

अजनीकर: ते काम कोणी कसं केलं होतं, काय माहीत? घासून न पुसता लावलेला गोंद सुटणारच. आणि प्रत्येक टाका म्हणजे ताणलेल्या कापडाला भोकं.

मेणदोरा: म्हणून तर आधी रिबवर पट्टी, मग लांब सुईने मेण लावलेला दोरा आरपार, वरचं आणि खालचं कापड रिबला एकत्र बांधून. पहिला टाका कडेपासून दोन टाक्यांमधल्या अंतराच्या अर्ध्यावर, झोतात येणाऱ्या भागात टाके एकमेकांच्या जवळ. गाठ ओढून आत दडवायची, वरून पुन्हा पट्टी. भोक उघडं राहतेच कुठे?

वर्धा_रोड: दोघंही मूळ बनावटीचं बोला ना. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं एचएएलचं (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं) पुष्पक विमान कापडाचंच होतं, देशभरच्या क्लबांत त्यावर लोक शिकले. निर्मात्याने कापड जिथे शिवलं तिथे शिवा. स्क्रू, रिव्हेट, क्लिप असेल तर ती लावा. आपल्या मताने पद्धत बदलायची नाही.

अजनीकर: हे पटलं. कागद काढतो. पण गोंद कच्चा, हे मानत नाही.

मेणदोरा: मग करून पाहू. चौकटीला वापरतो तशा एकाच नळीचे दोन तुकडे घ्या, दोन्हींवर तुमच्याच गोंदाने कापड चिकटवा, एकाला टाके घाला. मे महिनाभर शेडच्या टिनावर ठेवा. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, टिन त्याहून तापते. मग कापडाच्या सुट्या टोकाला बादली लटकवून तांब्या-तांब्याने पाणी ओता. मी तांब्या घेऊन येतो.

अजनीकर: या काकाजी. नळी आजच कापतो.