वडिलांनी पाऊल ठेवलं ती जागाच समुद्रात गेली, तर मुलीने मागोवा कशाचा घ्यायचा?

शिशिर_पान (धागाकर्ती)

मी नववीला विज्ञान शिकवते. हवामानबदलाच्या धड्याला आकडे खूप असतात आणि मुलं ते परीक्षेपुरते पाठ करून सोडून देतात. यंदा मला एका माणसापासून सुरुवात करायची आहे.

तो माणूस म्हणजे जॉर्ज गिब्स. जन्म १९१६, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. १४ जानेवारी १९४० रोजी अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस अशी त्यांची नोंद आहे. अमेरिकन ध्रुवशोधक रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेतल्या 'बेअर' जहाजावर ते मेस अटेंडंट होते, म्हणजे स्वयंपाक, वाढप, भांडी, अधिकाऱ्यांच्या खोल्यांची साफसफाई. हे काम त्यांनी पसंतीने निवडलेलं नव्हतं. त्या काळी अमेरिकन आरमारात कृष्णवर्णीय तरुण भरती झाला की त्याच्या वाट्याला जवळपास हेच एक खातं येई. पण जहाज मोहिमेच्या 'लिटल अमेरिका' तळाला लागलं तेव्हा सगळ्यात आधी खाली उतरून दोर बर्फात खोल रोवायच्या कामाला लागले ते गिब्सच. बर्ड यांनी हात मिळवून त्यांचं स्वागत केलं. हे आपल्याला माहीत आहे, कारण गिब्स रोजनिशी लिहीत. दिवसभर दुसऱ्यांची ताटं उचलून रात्री डुलत्या जहाजात वही उघडणारा तेवीस वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यांची मुलगी लेलानी राशिदा हेन्री हिने पुढे ती रोजनिशी हाती घेतली, वडिलांच्या वाटेने स्वतः अंटार्क्टिकाला गेली आणि त्या खंडाच्या रक्षणाबद्दल तरुणांसाठी लिहिलं.

आता अडचण. जहाज लागलं तो व्हेल्सचा उपसागर आज नकाशावर सापडत नाही. १९८७ साली रॉस हिमफळीचा (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराचा) सुमारे १५४ किलोमीटर लांबीचा तुकडा (बी-९ हिमनग) सुटला आणि उपसागराची खोबणच गेली. वर्गात मी सांगू का, की तापमानवाढीने ती जागा गिळली? ऐकायला फार परिणामकारक आहे. म्हणूनच आधी इथे विचारते.

हिमरेषा

ताई, ते वाक्य नका घेऊ. कळकळीने सांगते.

रॉस हिमफळी म्हणजे जवळपास फ्रान्सएवढं तरंगतं बर्फ. ते मागून सतत पुढे सरकतं, काही भागांत वर्षाला किलोमीटरच्या आसपास. पुढची कड समुद्रात वाढत जाते आणि काही दशकांनी तुटते. हे तिचं नेहमीचं चक्र आहे. व्हेल्सचा उपसागरही या सरकण्यातूनच घडला होता: दक्षिणेला असलेल्या रूझवेल्ट बेटामुळे बर्फाचा प्रवाह दुभंगतो आणि त्याच्या आडोशाला कडेवर खाच राहते. नॉर्वेचा शोधक अमुंडसेन १९११ मध्ये तिथेच उतरला होता. बी-९ सुटण्याआधीही तिथलं बर्फ तुटत होतंच. १९६३ साली एका अमेरिकन बर्फफोड्या जहाजाला तरंगत्या हिमनगाच्या कड्यात १९४० च्या तळाचे अवशेष दिसले होते.

तापमानवाढ दाखवायची असेल तर अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे वळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली हवा सुमारे ३ अंशांनी तापली. २००२ मध्ये लार्सन-बी हिमफळीचा ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग महिन्याभरात भुगा झाला. कसा, ते मुलांना फळ्यावर काढून दाखवा. उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची तळी साचली, ते पाणी भेगांत उतरलं आणि त्याच्या वजनाने भेगा तळापर्यंत चिरत गेल्या. तरंगतं बर्फ फुटल्याने समुद्र फारसा चढत नाही, पण मागच्या हिमनद्यांना अडवणारा बांध जातो. लार्सन-बी गेल्यावर तिच्या मागच्या हिमनद्या कितीतरी वेगाने वाहू लागल्या, आणि ते बर्फ जमिनीवरचं असल्यामुळे त्याने समुद्र चढतो.

शिवाय गिब्स यांच्या गोष्टीतूनच तुम्हाला तिथे पोचता येईल. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला मार्गरीट उपसागरात हॉर्सशू बेट आहे. तिथल्या एका टोकाला २००९ मध्ये 'गिब्स पॉइंट' नाव दिलं. तो खडक आहे, तो वाहून जाणार नाही. १९४१ मध्ये याच उपसागरात बर्फ इतकं दाटलं होतं की बेअरला मोहिमेच्या पूर्व तळापर्यंत जाताच आलं नाही. माणसांना विमानाने बाहेर आणावं लागलं. त्याच उपसागराच्या आग्नेय भागातली वर्डी हिमफळी नंतरच्या दशकांत विरत विरत संपली.

इंजिनरूम

मी जहाजावर इंजिनियर आहे, म्हणून वेगळा मुद्दा. जाणीव जागवायला अंटार्क्टिकाला जायचं, तर जायचं कशाने? जहाजानेच. जड इंधन तेलावर तिथे २०११ पासून बंदी आहे, म्हणून हलकं तेल जाळतात, पण काजळी त्यातूनही निघतेच. ती बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषतं. २०२२ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की सर्वाधिक वर्दळीच्या भागात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळतं. आणि हल्ली एका हंगामात लाखाच्या आसपास लोक जातात.

नियम कडक आहेत, हेही मुलांना सांगा. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरवतात. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली गवताची बी चिमट्याने वेचून काढायची. एक बी रुजलं तरी तिथलं जीवन बदलू शकतं.

लेलानीबाई गेल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याजवळ वडिलांची वही होती. पण 'चला, आपणही पाऊलखुणांवर जाऊ' हा धडा वर्गातून बाहेर पडायला नको.

जुनी_वही

वरचं सगळं पटलं, पण कृष्णवर्णीय असण्याचा भाग पहिल्या परिच्छेदात उरकू नका. गिब्स दुसऱ्या महायुद्धातही आरमारात होते. १९५९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते मिनेसोटा विद्यापीठात शिकले, आयबीएममध्ये नोकरी केली, रॉचेस्टर शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी संघटना उभी करायला हातभार लावला. तिथल्या एका क्लबने रंगावरून त्यांना प्रवेश नाकारला तेव्हा त्याविरुद्धही ते लढले. ज्या माणसाचं अंटार्क्टिकावर स्वागत झालं, त्याला स्वतःच्या गावातल्या क्लबच्या दारात थांबवलं. आज त्या गावात त्यांच्या नावाची शाळा आहे.

आणि पर्यावरणाशी याचा संबंध आहेच. ध्रुवीय प्रदेशांबद्दल कोणी बोलायचं, कोणाची वही जपायची, हे बराच काळ मोजक्या लोकांनी ठरवलं. कृष्णवर्णीय शोधक मॅथ्यू हेन्सन १९०९ मध्ये अमेरिकन शोधक पिअरीबरोबर उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत पुढे होता, तरी त्याचे अवशेष आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानाने नेले गेले ते १९८८ मध्ये.

शिशिर_पान (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं करते. पहिल्या तासाला बेअर, मेस आणि रोजनिशी. हे जहाज १८७४ साली डंडीत सील-शिकारीसाठी बांधलं होतं, तेही सांगेन. मुलांना जहाजं आवडतात. दुसऱ्या तासाला व्हेल्सचा उपसागर आणि लार्सन-बी शेजारी शेजारी ठेवून मुलांनाच विचारणार: यातलं नेहमीचं कोणतं आणि नवं कोणतं, आणि ते कशावरून ठरवलंत? ८३ टनांचा आकडा तिसऱ्या तासाला, वादविवादासाठी. क्लबची घटना पहिल्याच तासाला येईल.

हिमरेषा, मार्गरीट उपसागराचे वर्डी हिमफळी असतानाचे आणि आजचे नकाशे एकाच प्रमाणात कुठे मिळतील? मुलांना ट्रेसिंग पेपरवर दोन्ही कडा गिरवायला द्यायच्या आहेत.