'एव्हिडन्स बेस'ला मराठीत काय म्हणावं?

रेवती: रोगप्रतिबंध आणि आरोग्यसंवर्धनावरचा एक लेख मराठीत करतेय. 'एव्हिडन्स बेस उभारणे' इथे अडलंय, म्हणजे एखादा उपाय खरंच लागू पडतो का, हे दाखवणारं संशोधन जमवणे. 'पुराव्यांचा पाया' लिहून बघितलं, तर कुणावर तरी खटला चालू आहे असं वाटायला लागलं.

धनंजय: 'शास्त्रीय आधार' लिहा की. सगळ्यांना कळतं.

मुक्ता: कळतं खरं, पण जाहिरातवाल्यांनी तो शब्द पार गुळगुळीत केलाय. 'पुरावा' सोडू नका, अनेकवचनात वापरा. कोर्टात एखादा पुरावा निकाल लावून जातो. इथे ढीगभर लागतात आणि ते आपसात भांडतातही.

बीटा-कॅरोटीनचंच घ्या, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतलं नारिंगी रंगद्रव्य. ज्यांच्या आहारात ते जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं कितीतरी पाहण्यांत दिसत होतं. मग द्या गोळ्या! फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. खरी गोळी कुणाला आणि नकली कुणाला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त! आधीच्या पाहण्या खोट्या नव्हत्या. भरपूर भाजीपाला खाणारी माणसं इतरही दहा बाबतींत वेगळी असतात, ते त्यांतून पुरतं वेगळं काढता येत नव्हतं. त्यामुळे नुसतं 'जमवणे' नको, त्यात पारखणं यायला हवं. मी 'पुराव्यांची बैठक पक्की करणे' लिहीन.

रेवती: 'शास्त्रीय बैठक' आपण म्हणतोच, तेव्हा मजकुरात चालेल. मथळ्यात मात्र लोक विचारतील, बैठक किती वाजता?

केदार: 'संवर्धन'च ठेवा हं, 'आरोग्यप्रचार' नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत ठरलेल्या १९८६ च्या ओटावा सनदेत 'हेल्थ प्रमोशन'ची व्याख्या आहे: लोकांना आपल्या आरोग्यावर जास्त ताबा मिळवता यावा आणि ते सुधारता यावं, यासाठी त्यांना सक्षम करण्याची प्रक्रिया. पोस्टर आणि भाषणं हा त्यातला एक तुकडा. तंबाखूवरचा कर, सुरक्षित पदपथ हेही त्यातच येतं.

आणि मुक्ताताई, तुमच्या चिठ्ठ्या इथे बऱ्याचदा चालत नाहीत. कर लागला की सगळ्यांनाच लागतो, निम्म्यांना कसा वगळणार? मग कराच्या आधीचं आणि नंतरचं, कर असलेल्या प्रदेशातलं आणि नसलेल्यातलं, असं ताडून बघावं लागतं. हा पुरावा दुय्यम समजून बाजूला टाकला, तर बैठकीत फक्त गोळ्या आणि लसी उरतील.

मुक्ता: मान्य. ते 'उभारणे'त बसतं, 'पारखणे'तही.

धनंजय: आणि 'रोगनिवारण' का नको?

मुक्ता: आलेलं दूर करणं ते निवारण, जसं तक्रारनिवारण. इथे रोग येऊच द्यायचा नाहीये.

रेवती: ठरलं. मथळा 'रोगप्रतिबंध: पुरावे कसे उभे राहतात', आत 'पुराव्यांची बैठक'. संपादकांनी त्याचा 'शास्त्रीय आधार' केला, तर धनंजय जिंकले.