विषय: डीएसजी गाडी, चढावरचं पार्किंग, आणि आधी ‘पी’ की आधी हँडब्रेक?

प्रेषक: आ. (श्टुटगार्ट वेस्ट)

नमस्कार मंडळी,

इथे जर्मनीत वापरलेली गोल्फ घेतली आहे, सात गिअरची डीएसजी (फोक्सवागनची दोन क्लचवाली ऑटोमॅटिक गिअरपेटी). आम्हा दोघांचाही हात पुण्याच्या मॅन्युअल आणि एएमटी (मॅन्युअलसारखीच पेटी, पण क्लच आपोआप चालणारी) गाड्यांवर बसलेला. जाणकारांना तीन प्रश्न:

१. चढाच्या गल्लीत गाडी मागे घेताना ती क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम उसळते. हा दोष आहे की आमची पद्धत चुकतेय?
२. उतारावर लावताना आधी पी (पार्क) की आधी हँडब्रेक? गिअरमध्ये ठेवून बंद केली तर चालेल का?
३. श्टाऊमध्ये (ट्रॅफिक जॅममध्ये) दर वेळी न्यूट्रल करायचं का?

आ.

----------

प्रेषक: गि. (फॉयरबाख)

आ., नमस्कार.

बहुधा दोष नाही, पण कारण कळल्याशिवाय सवय मोडणार नाही, म्हणून आधी कारण. डीएसजीत टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) नसतो. आत दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक ओढत असताना दुसऱ्यावरचा पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून धावताना गिअर बदललेला जाणवत नाही. २००३ साली गोल्फ आर३२ मध्ये ही पेटी पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात आली, तेव्हा सगळं कौतुक याच वेगाचं होतं. पार्किंग करताना मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिथे जे काम तुमचा डावा पाय अर्धा क्लच धरून करायचा, तेच आता मेकॅट्रॉनिक नावाचा हायड्रॉलिक भाग करतो, आणि तुम्हाला काय हवंय हे त्याला दोन पेडलांवरूनच ओळखावं लागतं.

डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) केलंत की एक क्लच सुटतो, काटा सरकून रिव्हर्स लागतो आणि मग क्लच पकडीच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. याला साधारण अर्धा ते एक सेकंद लागतो. तेवढ्यात ॲक्सिलरेटर दाबलात तर इंजिन मोकळंच फिरतं, आरपीएम चढतात, आणि त्या चढलेल्या आरपीएमवर क्लच पकडतो. तुमची ‘उसळी’ ती हीच. स्टार्ट-स्टॉपने इंजिन बंद झालेलं असेल तर पुन्हा सुरू व्हायचा वेळ त्यात भर घालतो.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक दाबलेलाच राहू द्या. लिव्हर हलवा. ‘एक’ म्हणण्याइतकं थांबा, गाडीला बारीकसा ताण आलेला पायाला कळतो. मगच ब्रेक हळूहळू सोडा. सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. इंजिन आयडलवर असतानाच गाडी चालण्याच्या वेगाने सरकते, आणि हा वेग ब्रेक किती सोडला त्यावरून कमीजास्त करायचा. पार्किंगमध्ये ब्रेक हाच तुमचा क्लच आहे. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच उघडतो, अर्धवट सोडला की घसरत पकडतो. हिवाळ्यात सकाळी थंड इंजिनाचे आरपीएम जास्त असतात, तेव्हा सरकण्याचा जोरही जास्त असतो. पहिली पाच मिनिटं त्या हिशेबाने पाय ठेवा.

पार्किंगला सुरुवात करण्यापूर्वी दोन बटणं बंद करा: स्टार्ट-स्टॉप आणि ऑटो होल्ड. ऑटो होल्ड चालू असेल तर दर थांब्यानंतर गाडी ब्रेक धरून बसते, आपणहून सरकत नाही. सोडवायला ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि ती पुन्हा उसळते. सिग्नलवर ही सोय उत्तम आहे, पण दहा सेंटिमीटर मागे जायचं असतं तेव्हा शत्रू.

डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर असा प्रयोग करू नका. फोक्सवागन गटाच्या गाड्यांत दोन्ही एकत्र दाबले की इंजिनाची ताकद कापली जाते, आणि डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायची सवय असल्यामुळे तो ब्रेकही तसाच दाबतो.

आता चढ. उताराच्या विरुद्ध दिशेने मागे जायचं असेल तर नुसतं सरकणं पुरत नाही. ब्रेक सोडल्यावर हिल होल्ड साधारण दोन सेकंद गाडी धरतो, तेवढ्यात ॲक्सिलरेटर हलका द्यायचा. जागा फारच अरुंद असेल तर इलेक्ट्रिक हँडब्रेक ओढून ठेवा, आर टाका, हळू ॲक्सिलरेटर द्या. बेल्ट लावलेला आणि दार बंद असेल तर पुरेशी ओढ आल्यावर हँडब्रेक आपोआप सुटतो आणि गाडी इंचभरही घरंगळत नाही. कधीच करू नये अशी एक गोष्ट: चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं. मॅन्युअलवर ही हौस सगळ्यांना असते. इथे त्या सगळ्या वेळात क्लच घसरत तापतो. पेटी आधी हादरे देऊन कळवते, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो. तो आला की सुरक्षित जागी थांबून पी टाकायचं आणि इशारा जाईपर्यंत निघायचं नाही.

गि.

----------

प्रेषक: मृ. (डेगरलोख)

गि. काकांनी पहिल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलंच आहे, मी दुसरा घेते, कारण इथे घाटात शिकलेली सवय थेट धोक्याची आहे.

महाराष्ट्रात सगळ्यांना शिकवलेलं असतं की उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बंद करा. मॅन्युअलमध्ये क्लच पेडल सोडलं की क्लच बंदच असतो, त्यामुळे इंजिन चाकांना धरून ठेवतं. एएमटीतही तसंच, म्हणून त्या गाड्यांना पी नसतो आणि त्या गिअरमध्येच ठेवायच्या असतात. डीएसजीत उलट आहे. दोन्ही क्लच तेलाच्या दाबाने बंद होतात. इंजिन थांबलं, दाब गेला, क्लच उघडले. मग आत कुठलाही गिअर लागलेला असो, चाकांना अडवणारं काही उरत नाही. गाडीला धरणाऱ्या दोनच गोष्टी: हँडब्रेक आणि पी.

पी म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात अडकणारा एक लोखंडी खटका. दाताच्या खाचेत बसेपर्यंत गाडी काही सेंटिमीटर सरकते. आधी पी टाकून ब्रेक सोडलात तर दीड टनाचं वजन त्या एका खटक्यावर येतं, आणि सकाळी लिव्हर काढताना जोर लावावा लागतो व ‘खट्’ असा आवाज होतो. म्हणून क्रम: पायाचा ब्रेक दाबून थांबा. लिव्हर एन (न्यूट्रल) वर. हँडब्रेक लावा. पायाचा ब्रेक अलगद सोडा, गाडी हँडब्रेकवर ‘बसू’ द्या. पुन्हा ब्रेक दाबून पी. मग इंजिन बंद. निघताना उलटं: ब्रेक दाबून इंजिन सुरू, पी मधून डी किंवा आर, आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी.

चाकंही वळवून ठेवा. इथे आपण रस्त्याच्या उजव्या बाजूला लावतो, म्हणजे फुटपाथचा काठ उजवीकडे. तोंड उताराकडे असेल तर चाकं उजवीकडे, काठाकडे. तोंड चढाकडे असेल तर डावीकडे वळवा आणि गाडी अगदी थोडी मागे येऊ देऊन पुढच्या चाकाची मागची बाजू काठाला टेकवा. काठच नसेल तर दोन्ही वेळी उजवीकडे. हे सगळं हँडब्रेक लावायच्या आधी.

समांतर पार्किंगबद्दल थोडं, कारण भारतातून आलेल्यांचा अंदाज इथे आरशातल्यासारखा उलटतो. ड्रायव्हर डावीकडे, काठ उजवीकडे, म्हणजे जी बाजू दिसत नाही तिकडेच अंतर मोजायचं. तुमच्या गाडीच्या लांबीपेक्षा दीडेक मीटर जास्त अशी जागा शोधा. पुढच्या गाडीला समांतर, अर्धा ते एक मीटर अंतर ठेवून, दोन्हींचे मागचे बंपर एका रेषेत येतील असे थांबा. आर, एक क्षण थांबणं, मग ब्रेकवर सरकत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. गाडी साधारण ४५ अंशांत आली की सरळ करा. तुमचा पुढचा उजवा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरमधून सुटला की पूर्ण डावीकडे. उजवा आरसा खाली झुकवून ठेवलात तर काठ दिसतो. काही गाड्यांत आर टाकल्यावर तो आपोआप झुकतो. शेवटच्या अर्ध्या मीटरला डी-आर-डी-आर होणारच, पण प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबल्यावर. मागे जाता जाताच डी टाकलात तर गाडीची गती मोडायचं काम क्लचवर येतं.

चाक काठावर चढवायचं असेल (जिथे पाटी परवानगी देते तिथेच) तर सरळ धडक देऊ नका. चाक काठाला अडलं की क्लच घसरतो, तुम्ही ॲक्सिलरेटर वाढवता, आणि चाक चढतं तेव्हा वाढलेली सगळी ताकद मोकळी होते. समोर भिंत असेल तर बंपर गेला. तिरकं घ्या, एकेक चाक चढवा, आणि चाक वर येतंय असं वाटताच पाय ब्रेकवर.

मृ.

----------

प्रेषक: सु. (बोब्लिंगन)

मृ.ताई, सगळं मान्य, एका गोष्टीची पुस्ती. कडक थंडीत, जुन्या केबलच्या हँडब्रेकची गाडी सपाट जागेवर असेल तर नुसत्या पी वर सोडली तरी चालते, कारण ओली केबल किंवा पॅड गोठून चिकटतात. उतारावर मात्र ही सवलत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्यातलं अर्धं चुकीचं आहे. थांबलेल्या गाडीत, ब्रेक नीट दाबलेला असताना, क्लच उघडलेलाच असतो. मग सिग्नलला एन करून वाचतं काय? काहीच नाही. उलट निघताना पुन्हा डी टाकायचा तो अर्धा सेकंद जातो आणि मागचा हॉर्न वाजवतो. रेल्वे फाटकासारखं लांब थांबायचं असेल तर पी टाका नाहीतर ऑटो होल्ड लावा. घोटाळा होतो तो ब्रेक अर्धवट दाबण्याने: गाडी उभी, पण क्लच ओढ लावतोय. थांबायचं तर ब्रेक घट्ट.

श्टाऊमध्ये खरा त्रास गोगलगायीच्या वेगाचा. क्लच पूर्ण बंद व्हायला पहिल्या गिअरमध्ये दहाएक किलोमीटरचा वेग लागतो. त्याखाली तो सतत घसरत असतो. म्हणून पुढच्याच्या बंपरला चिकटून सरकत राहू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, एका दमात जा, थांबा. मागचा वैतागेल, वैतागू द्या. मुंबई-पुण्यात तेवढ्या जागेत रिक्षा शिरते हे मान्य, पण इथे तसं होत नाही.

आणि उतारावर एन टाकून गाडी सोडणं बंद. इंजिनचा ब्रेक जातो. ज्या गाड्यांत इको मोडला इंजिन सुटं करून धावण्याची सोय असते, तिथे पेटी ते स्वतः ठरवते.

टीफगाराजच्या (तळघरातल्या गॅरेजच्या) रॅम्पवर उतरताना लिव्हर मॅन्युअलमध्ये घेऊन पहिला गिअर धरा, डी मध्ये पेटी दुसरा टाकून मोकळी होते. चढताना रॅम्प रिकामा होईपर्यंत खालीच सपाटीवर थांबा. मोठ्या गॅरेजांच्या रॅम्पला १५ टक्क्यांपर्यंत चढ असू शकतो, आणि मध्येच अडकून पुढच्याच्या तिकिटाची वाट बघत इंचाइंचाने सरकणं ही कोरड्या क्लचची सगळ्यात वाईट परीक्षा.

सु.

----------

प्रेषक: आ. (श्टुटगार्ट वेस्ट)

सगळ्यांचे आभार! ‘कोरडा क्लच’ म्हणजे? आमच्या गाडीत कोणता आहे हे कसं ओळखायचं? आणि बायकोला इथला परवाना काढायचाय, तो ऑटोमॅटिकवर काढावा का?

----------

प्रेषक: गि. (फॉयरबाख)

ओल्या पेटीत क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता नेतं. कोरड्यात नुसती हवा. गोल्फमध्ये सहा गिअर असतील तर ती डीक्यू२५०, ओली. सात गिअर म्हणजे कोरडी असं मात्र समजू नका. इंजिनाचा टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) बघा: कोरडी डीक्यू२०० ही २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांना लावतात, म्हणजे तुमची १.५ टीएसआय (पेट्रोल) असेल तर बहुधा तीच. ३४० न्यूटन-मीटरच्या २.० टीडीआयला (डिझेल) ओली. भारतातल्या १.५ लिटरच्या स्लाव्हिया आणि व्हर्टसलाही ही सात गिअरची कोरडी पेटीच येते, तेव्हा वरचं सगळं पुण्यातल्या भावालाही पाठवायला हरकत नाही.

डीक्यू२५० चं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. वापरलेली गाडी घेताना त्याची पावती मागायची. डीक्यू२०० ला असा ठरलेला तेलबदल नाही. २०१३ साली फोक्सवागनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून तिचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं होतं. गाडी त्याआधीची असेल तर ते काम झालंय का ते चेसिस नंबरवरून डीलर सांगतो. चाचणी सोपी आहे: गरम गाडी हलक्या चढावर रिव्हर्समध्ये चालण्याच्या वेगाने न्या. थरथर जाणवली तर क्लचची झीज आणि पकडीचा बिंदू तपासून घ्या. कधी पार्ट बदलावा लागत नाही, गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून बेसिक सेटिंग पुन्हा केलं की भागतं. प्रत्येक हादऱ्याला नवा क्लच विकणाऱ्यांपासून सांभाळा.

बंद पडलेली गाडी ढकलून सुरू होत नाही, कारण मृ.ताईंनी सांगितलंच. ओढून न्यायची तर एन मध्ये, जास्तीत जास्त ५० च्या वेगाने आणि ५० किलोमीटरपर्यंतच.

गि.

----------

प्रेषक: मृ. (डेगरलोख)

परवान्याचं: भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रात्यक्षिक ऑटोमॅटिकवर दिली की परवान्यावर ७८ हा आकडा येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून बी१९७ हा मधला मार्ग आहे: परीक्षा ऑटोमॅटिकवर, पण त्याआधी ४५ मिनिटांचे दहा तास मॅन्युअलवर आणि ड्रायव्हिंग स्कूलनेच घेतलेली किमान १५ मिनिटांची चाचणी. भारतीय परवाना बदलून घेताना हे कसं बसवायचं ते नाव घालण्याआधी स्कूलला विचारा. शिकवणीची गाडी कोणत्या पेटीची आहे हेही विचारून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवर शिकलेला पाय डीएसजीवर पुन्हा बसवावा लागतो, कारण तिला क्लचच नसतो आणि आर टाकल्यावरचा तो एक सेकंद तिथे शिकायलाच मिळत नाही.

मृ.