लेन्सेस मॅन्युअल असतील तर एफ३च

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांपैकी निकॉनचा एफ३, एफ४ की कॅननचा न्यू एफ-१ घ्यावा, असा प्रश्न आहे आणि तुमच्याकडे निकॉनच्या एआय-एस, म्हणजे हाताने फोकस करायच्या लेन्सेस आहेत. मग कॅनन बादच. कॅमेरा दणकट आहे, पण लेन्सेसचा खर्च नव्याने कशाला?

या प्रश्नावर बाकी बहुतेकांनी एफ४ सुचवलाय. तो १९८८चा, आणि एक गोष्ट मान्य: जुन्या एआय (एआय-एसच्या आधीच्या) लेन्सवरही मॅट्रिक्स मीटरिंग देतो, म्हणजे चौकटीचे भाग पाडून उजेड मोजतो. एफ३चं उजेड मोजणारं मीटर ऐंशी टक्के भार मधल्या वर्तुळावर टाकतं, त्यामुळे पाठीमागे उजेड असला की डोकं आपणच चालवायचं. पण एफ४ बॅटऱ्यांसकट किलोच्या वर जातो. दिवसभर गळ्यात अडकवून बघा! शिवाय त्याच्या व्ह्यूफाइंडरमधला एलसीडी काळा पडत जातो, हे जुनं दुखणं. ऑटोफोकस लेन्स घ्यायचीच नसेल तर एवढं ओझं वाहण्यात अर्थ नाही.

एफ३ बॅटरीवर चालतो खरा, पण ती संपली तरी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूच्या छोट्या खटक्याने १/६० सेकंदावर फोटो निघतो. बॅटरीची कटकट अजिबातच नको असेल तर एफ२ बघा, त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे.

घेताना एक लक्षात ठेवा. एफ३चा फोटो मोजणारा काउंटर १वर येईपर्यंत शटर-स्पीडची डायल कुठेही फिरवा, शटर १/८० सेकंदानेच पडतं. तेवढ्यावरून 'शटर गेलंय' म्हणत चांगला पीस परत करू नका.