शिंक आली की तोंडापुढे हात नको, कोपर धरा

काल लिफ्टमध्ये एका गृहस्थांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी मूठ तोंडाशी धरली, दोन-तीनदा खोकले आणि त्याच हाताने बटण दाबलं. बटणावर उमटलेला ओलसर ठसा मला स्पष्ट दिसला. पुढच्या मजल्यावर एक लहान मुलगी आत आली, तिने तेच बटण दाबलं आणि लगेच नाक चोळलं.

गृहस्थ सभ्य होते, तोंड झाकायला विसरले नव्हते. पण लहानपणापासून आपल्याला शिकवलंय ते फक्त ‘तोंडावर हात धर’! टिश्यू असेल तर तो वापरून लगेच कचऱ्यात टाकावा, नसेल तर कोपराच्या घडीत खोकावं. कोपराच्या आतल्या बाजूने कोणी बटण दाबत नाही.

प्रतिसाद १
साफ असहमत. कोपराने मनाचं समाधान होतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात निरोगी माणसांना लेझरच्या झोतासमोर खोकायला लावलं होतं. हात, बाही, टिश्यू, सर्जिकल मास्क, कशानेही सूक्ष्म थेंब पुरते अडले नाहीत. जोरदार शिंकेतून निघणारा दमट हवेचा ढग 7-8 मीटरपर्यंत जाऊ शकतो, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधक लिडिया बूरुइबा यांनी दाखवलंय. क्षयरोग तर हवेतूनच पसरतो. तेव्हा खिडक्या उघडा, आणि खोकला असेल तर घरी थांबा.

धागाकर्ती
खिडक्यांचं शंभर टक्के मान्य. पण लिफ्टला खिडकी नसते आणि प्रत्येकाला रजा मिळत नाही. सगळं अडत नाही म्हणून जे अडतं तेही सोडून द्यायचं? मोठे थेंब बाहीत राहिले असते तर त्या मुलीच्या बोटाला लागले नसते.

प्रतिसाद २
मला दमा आहे. तो कोणाला लागत नाही, पण मी खोकले की आजूबाजूचे असे बघतात, जणू गुन्हाच केलाय. त्या नजरांच्या धाकाने मी एकदा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून शिंक दाबली, तर कानाला दडे बसले. ब्रिटनमध्ये अशीच शिंक दाबताना एका 34 वर्षांच्या माणसाचा घसा आतून फाटल्याची नोंद 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तोंड जरूर झाकायला सांगा, पण खोकणाऱ्याला अपराधी ठरवू नका.

प्रतिसाद १
हे मात्र पटलं. आणि तो दिवसभर खिशात घडी घालून ठेवलेला दमट रुमाल? हात परत त्यातच जातो. त्यापेक्षा, खोकला असूनही बाहेर पडावंच लागलं तर मास्क लावा. थेंब पुरते अडवत नसला, तरी खोकताना हात तोंडाशी न्यावा लागत नाही. बाय द वे, त्या गृहस्थांना तुम्ही काही बोललात का?

धागाकर्ती
नाही, धीर झाला नाही. त्या मुलीला मात्र सांगितलं, घरी गेल्या गेल्या साबणाने हात धू, चांगले वीस सेकंद.