बेळगावच्या वडगावातली चालती गिरणी घेतेय, जुनं गिऱ्हाईक टिकवायचं कसं?

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या तोंडाची पिठाची गिरणी चालवायला घेतेय. दगडाच्या दोन चक्क्या आणि मिरची कांडायचा डंका. मालक काका थकलेत, मुलगा पुण्याला नोकरीत, तो काय येत नाही. गाळा भाड्याचा, मशिनरीचे पैसे ठरलेत. सगळं देऊन हातात पंचवीस हजार उरतील, त्यावर एक रुपया नाही, आधीच सांगते. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड. दोन खानावळी आणि कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका हे मोठं गिऱ्हाईक. काकांच्या उधारीच्या वहीत अकराएक हजार बाकी आहे. नाव बदलावं का, दर वाढवावा का, वहीचं काय करावं?

निपाणीकर_अण्णा
पहिलं काम, ते दगड काढून टाका. मी दिवाळीला पल्वरायझर घेतला, बिनदगडाचं दळायचं मशीन, एक लाख चाळीस पडले, पण लोक बघायला येतात. नवं मशीन दिसलं की गिऱ्हाईक आपोआप.

शहापूर_पेठ
अण्णा, त्यांनी पंचवीस म्हटलंय.

निपाणीकर_अण्णा
कर्ज मिळतंय की.

भाकरीवाली_मावशी
पल्वरायझरच्या पिठाची भाकरी थापायला बसा एकदा, मग बोला. कडेला चिरा पडतात.

निपाणीकर_अण्णा
ती ज्वारी जुनी असेल मावशी, मशीनला नावं ठेवू नका.

जुना_बेळगावकर
नाव अजिबात बदलू नका. पाटी जुनी असो की नवी, कर्नाटकाच्या कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणं तिच्यावर साठ टक्के कन्नड पाहिजेच. नाव आहे तेच राहू दे.

टिळकवाडी_कट्टा
म्हणजे मराठी पाटी लावायचीच नाही का? 1956 पासून आम्ही हेच ऐकतोय.

जुना_बेळगावकर
लावायची नाही असं कोण म्हणालं? साठ टक्के कन्नड, उरलेल्यात तुमचं मराठी. ज्वारी घेऊन येणारी बाई पाटी वाचत नाही, गिरणीत कोण उभं आहे ते बघते.

शहापूर_पेठ
हा धागा गिरणीचा आहे, सीमाप्रश्नाचा नाही. वहिनी, उधारी काकांनाच वसूल करू दे. जुनी बाकी अंगावर घेऊ नका.

खानापूरचा_भाचा
उधारीबद्दल तेच. पण त्याआधी कागद करा. आमच्या मामानं इस्त्रीचं चालतं दुकान घेतलं, विकणाऱ्यानं पावसाळा सरायच्या आत त्याच रस्त्याला चार घरं सोडून दुसरं टाकलं. गिऱ्हाईक गेलं त्याच्या मागं, मामाकडं टेबल आणि इस्त्री राहिली. करार कायदा 1872, कलम 27 बघा. धंदा करणार नाही असा करार एरवी टिकत नाही, पण गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक, विकलं असेल तर ठरावीक हद्दीत तोच धंदा करणार नाही ही अट वाजवी असली की चालते. म्हणून कागदावर गुडविलची किंमत वेगळी लिहा आणि हद्द लिहा. काकांचा पुतण्या वगैरे आहे का गल्लीत?

वडगावची_सून
पुतण्या आहे. बेळगावातच, अनगोळला.

खानापूरचा_भाचा
बघा मग. त्याचीही सही घ्या.

गल्लीतला_वकील
फूड रजिस्ट्रेशन काकांच्या नावावरचं विकत मिळत नाही, तुमच्या नावानं नवं काढा. महापालिकेचं ट्रेड लायसन्स आणि हेस्कॉमचं विजेचं मीटरही नावावर करून घ्या. मीटरची अनामत कुणाची ते व्यवहारातच मिटवा, मागनं भांडण नको.

भाकरीवाली_मावशी
मी माझी जुनी गिरणी का सोडली सांगते. नवा मालक आला, त्यानं माझ्या ज्वारीच्या आधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ दळली आणि चक्की न झटकता माझा डबा ओतला. पहिलं अर्धा किलो पीठ पिवळं. जुना मालक नळ्यातनं पडणारं पीठ चिमटीत धरून अंगठ्यानं चोळायचा, जाड वाटलं की चाक फिरवून दगड आवळायचा, न सांगता. माझं बारीक, शेजारणीचं थोडं जाड, हे त्याच्या डोक्यात असायचं. ते काकांकडनं लिहून घ्या, कोणाचं कसं. आणि एकादशीच्या आदल्या दिवशी एका चक्कीवर राजगिरा, वरी सोडून काही घालू नका.

निपाणीकर_अण्णा
मावशी म्हणतात ते बरोबर. माझ्या मशीनला जाळी बदलली की बारीक-जाड होतं.

शहापूर_पेठ
दगडाला टाकी कधी लावली होती, म्हणजे छिन्नीनं खाचा कधी पाडल्या होत्या, ते विचारा. बोथट दगडानं पीठ जास्त तापतं. टाकी लावल्यावर पहिल्यांदा भरड काहीतरी काढा, नाहीतर भाकरीत कचकच येणार आणि नाव तुमचं जाणार.

टिळकवाडी_कट्टा
डंका कशाला ठेवताय? शिंका देऊन देऊन शेजारी तक्रार करतात.

संकेश्वरी_झणका
अहो उन्हाळ्यातली खरी कमाई डंक्यात आहे. मार्चपासून बायका रांगा लावतात. फक्त ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळू देऊ नका, ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा झणका.

टिळकवाडी_कट्टा
ब्याडगीला संकेश्वरीची सर नाही.

संकेश्वरी_झणका
मी तेच म्हणतोय की.

वडगावची_सून
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. नाव जुनंच. दर दिवाळीपर्यंत तोच. कागद भाच्यानं सांगितला तसा, पुतण्याच्या सहीसकट. टाकीवाला रविवारी येतोय.

वहीचं मात्र तुमच्या सगळ्यांच्या विरुद्ध करतेय. चार हजार देऊन ती मी घेतली. काका दारात वसुलीला गेले तर माणूस लाजेनं दुसऱ्या गिरणीला जाणार, पैसेही जाणार आणि गिऱ्हाईकही. वहीत नावं आहेत, घर आहे, कोण कोणत्या वारी येतं तेही कळतं. मी मागणार नाही. दळण घेऊन आले की वही पुढं ठेवणार, जमेल तेवढं द्या म्हणणार. निम्मे आले तरी माझे चार हजार सुटतात. खानावळीवाल्यांकडं मात्र काकांना घेऊन स्वतः जाऊन आले, त्यांना उधारी पंधरवड्याची, जास्त नाही.

शहापूर_पेठ
मग विचारलंत कशाला वहिनी! अकरा हजार बुडाले समजा.

वडगावची_सून
माझे चारच गेलेत दादा.

निपाणीकर_अण्णा
पल्वरायझरचा फोटो टाकू का?

संकेश्वरी_झणका
कांडपाचा दर किलोला काय लावणार तेवढं सांगा.