शब्दचर्चा: ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरेज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या ज्येष्ठांसाठी आम्ही काही जणी गाडीच्या विम्यावर मराठीत माहितीपत्रक लिहितोय. लायबिलिटी (आपल्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा), डिडक्टिबल (नुकसानीतला आधी आपण भरायचा वाटा) हे शब्द तसेच ठेवलेत, कारण ते सगळ्यांच्या तोंडात बसलेत. अडलंय ते ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’पाशी. चूक दुसऱ्याची, त्याच्याकडे विमाही आहे, पण इतका थोडा की आपलं नुकसान त्यातून भरून निघत नाही. अशा वेळी आपलीच कंपनी पुढचे पैसे देते, ते हे कव्हर. मी ‘अल्पविमा’ लिहिलं, तर बाबा म्हणाले, “म्हणजे आपणच कमी विमा काढलाय, असं ना?” काय लिहावं?

प्रतिसाद (पुणे)

ताई, बाबांना तसं वाटणारच. मी आगविम्याच्या कामात होतो. आमच्याकडे अंडर-इन्शुरन्स म्हणजे मालकाने स्वतःच कमी रकमेचा विमा काढणं. गोदामात १ कोटीचा माल, विमा ६० लाखांचा, आणि आगीत १० लाखांचं नुकसान झालं, तर त्याच प्रमाणात हातात ६ लाखच पडतात. ‘अल्पविमा’ तिथे चपखल बसतो. तुम्हाला हवाय तो प्रकार अगदी उलटा आहे: इथे कमी विमा काढणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा.

भारतात यासाठी शब्द रुळला नाही, कारण तशी वेळच सहसा येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली सक्तीचा थर्ड पार्टी विमा असतो. त्यात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम विमा कंपनी देते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मोटारींसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे. त्यामुळे जखमी माणसाच्या घरी आपल्याकडे एकच गोष्ट विचारली जाते: ठोकणाऱ्या गाडीचा विमा होता की नव्हता?

माझं मत ‘अपुरा विमा’. पण कोणाचा, ते नावातच आलं पाहिजे.

प्रतिसाद (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

‘तूटभरपाई’ कसा वाटतो? सुटसुटीत आहे. आमच्याकडे २०२४ संपेपर्यंत एका जखमी माणसामागे किमान १५ हजार डॉलरचा विमा पुरत होता आणि ती रक्कम १९६७ पासून तशीच होती. आता ३० हजार झालीय. इमर्जन्सी रूम आणि एखादी शस्त्रक्रिया एवढ्यातच ती उडून जाते, म्हणजे तूट ठरलेलीच.

प्रतिसाद (अटलांटा, जॉर्जिया)

‘तूटभरपाई’ कृपा करून नको. शब्द छान आहे, पण त्यातून दिलं जाणारं आश्वासन बऱ्याच राज्यांत खोटं ठरेल. न्यू जर्सीचंच उदाहरण घ्या. नुकसान दीड लाख डॉलरचं. चूक करणाऱ्याचा विमा तिथल्या किमान मर्यादेचा, म्हणजे २०२६ पासून ३५ हजार. तुमचं हे कव्हर १ लाखाचं. वाचणाऱ्याला वाटेल, ३५ अधिक १००, म्हणजे १ लाख ३५ हजार मिळतील. तसं होत नाही. तुमच्या १ लाखातून त्याचे ३५ वजा होतात, तुमची कंपनी जास्तीत जास्त ६५ हजार देते आणि एकूण १ लाखावर हिशेब थांबतो. वरची ५० हजारांची तूट तशीच राहते. कॅलिफोर्नियातही अशीच वजाबाकी आहे.

पुढचं तर ठळक अक्षरांत छापा. तुमचं कव्हरही ३५ हजारांचंच असेल, तर ३५ मधून ३५ गेले, उरलं शून्य. तिथे असा चालक कायद्याच्या व्याख्येत ‘अंडरइन्शुअर्ड’ धरलाच जात नाही. किमान रकमेचं कव्हर घेऊन निर्धास्त झालेली माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

आमच्या जॉर्जियात दोन्ही प्रकार विकत मिळतात: वजाबाकीचा आणि बेरजेचा. बेरजेच्या प्रकारात चूक करणाऱ्याच्या किमान विम्याचे २५ हजार मिळाल्यावरही तुमचे १ लाख पूर्ण शाबूत राहतात. तेव्हा नावात ‘तूट’ नको, ‘भरपाई’ही नको.

प्रश्नकर्ती

हे फार मोलाचं सांगितलंत. मग ‘समोरच्याचा अपुरा विमा’ असं लिहू? आणि अनइन्शुअर्डसाठी ‘समोरच्याचा विमाच नाही’.

प्रतिसाद (फ्रीमाँट)

मागून येऊन धडकला असेल तर?

प्रतिसाद (पुणे)

तरी समोरचाच. ‘समोरच्याचं ऐकून घ्यावं’ म्हणतो, तेव्हा तो कुठे उभा आहे ते आपण बघत नाही. ज्येष्ठांना हा शब्द लगेच कळेल. फक्त पहिल्याच ओळीत ‘ज्याच्या चुकीने अपघात झाला तो’ एवढं लिहा. आणि ‘वाहनविमा’ हा शब्द शीर्षकात घेऊ नका. हे संरक्षण गाडीपेक्षा माणसाचं आहे ना?

प्रतिसाद (अटलांटा)

बरोबर. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला रस्ता ओलांडताना दुसऱ्या गाडीने उडवलं, तरी ते साधारणपणे लागू होतं. गाडीत बसलेल्या पाहुण्यांनाही होतं. ठोकून पळून गेलेला चालक मात्र ‘विमाच नाही’ या सदरात घाला.

प्रश्नकर्ती

मसुदा असा केलाय: “समोरच्याचा अपुरा विमा (पॉलिसीवर ही ओळ यूआयएम या अक्षरांनी दिसते): ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्या विम्याची मर्यादा तुमच्या यूआयएम मर्यादेपेक्षा कमी असेल, तर फरकाच्या रकमेपर्यंत तुमची कंपनी देते. ही मर्यादा तुमच्या स्वतःच्या लायबिलिटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही एकदमच वाढवा. न्यू जर्सीच्या ‘बेसिक’ पॉलिसीत हे संरक्षण मिळत नाही.”

प्रतिसाद (अटलांटा)

उत्तम. एक ओळ वाढवा. समोरच्याच्या कंपनीशी तडजोड करून कागदावर सही करण्याआधी आपल्या कंपनीला लेखी कळवायचं. न्यू जर्सीत हे १९८८ च्या लाँगवर्थ खटल्यापासून आहे. त्या तडजोडीला हरकत आहे की नाही, ते आपली कंपनी ३० दिवसांत सांगते. न कळवता सही केली तर यूआयएमचा हक्क गमावू शकतो.

प्रश्नकर्ती

घातली. ‘सेटलमेंट’ला ‘तडजोड’च ठेवते.